कोर्टाबाहेरचे बॅरिस्टर: बाबासाहेबांचे छंद आणि आपली फुरसत

वकिलांच्या छंदांचे किस्से आपण नेहमी ऐकतो. माजी अ‍ॅटर्नी जनरल सोली सोराबजी यांना जाझ संगीताचं वेड होतं. राम जेठमलानी उतारवयातही बॅडमिंटन खेळत. हे वाचताना आपल्या पोरांच्या मनात एक गोष्ट येतेच: हे सगळं सुखवस्तू घरातल्यांचं, आपल्याला कुठला वेळ! म्हणून आज आम्ही आपल्याच बॅरिस्टरबद्दल लिहीत आहोत.

कोर्टातले बाबासाहेब

१९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. अस्पृश्याकडे खटले कोण देणार? मोठे सॉलिसिटर फिरकत नसत. पक्षकार बहुतेक गरीब. राहणं परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत, ऑफिस दामोदर हॉलजवळ. घर चालवायला बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याची अर्धवेळ नोकरीही केली.

तरी खटले कसे घेतले ते बघा. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून अडचणीत आलेल्या जेधे, जवळकर आणि बागडे यांची बाजू मांडली आणि जिंकली. १९३४ मध्ये लैंगिक शिक्षणासाठी झटणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा खटला लढवला आणि हरले. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतःच प्रतिवादी होते. तो निकाल हायकोर्टातून १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, आपल्या बाजूने लागला.

आणि कोर्टाबाहेर?

*पुस्तकं:* हा छंद सगळ्यांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कमध्ये शिकताना पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे २,००० जुनी पुस्तकं जमवली. १९१७ मध्ये सामान आणणारी बोट युद्धात बुडाली आणि त्यातली बरीच गेली. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते मुख्यतः पुस्तकांना जागा हवी म्हणून.

*व्हायोलिन आणि चित्रं:* उतारवयात, तब्येत साथ देत नसताना, ते व्हायोलिन शिकले. त्यांचं व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात आहे. चित्रकलाही त्यांनी उशिराच हाती घेतली. इतक्या मोठ्या विद्वानाला नवशिक्या व्हायची लाज वाटली नाही.

*बाग, स्वयंपाक, कुत्रा:* दिल्लीच्या बंगल्यात त्यांनी हौसेनं बाग फुलवली. मनात आलं की स्वतः स्वयंपाक करत. राजगृहातल्या १९३४ च्या कौटुंबिक फोटोत रमाईंसोबत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे.

फुरसत हा हक्क आहे

याकडे गंमत म्हणून बघून पुढे जाऊ नका. फुरसतीबद्दल बाबासाहेबांची भूमिका पक्की होती. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी यंत्रांची बाजू घेतली. त्यामागचा विचार असा: माणूस दिवसभर पोटासाठीच राबला तर त्याच्यात आणि जनावरात फरक राहत नाही. फुरसत मिळाली तरच संस्कृती घडते, आणि लोकशाहीत ती मूठभरांची नव्हे, सगळ्यांची असायला हवी.

ते नुसतं लिहून थांबले नाहीत. मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती आणली. १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी बिनमोबदला वेठबिगार केली, त्यांच्यासाठी ‘माझा वेळ माझा’ ही केवढी मोठी गोष्ट!

आपल्यासाठी

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला पहिल्या पिढीतले तरुण वकील भेटतात. दिवसा कोर्ट, संध्याकाळी मोर्चा, रात्री अर्ज लिहिणं. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस लढताना फी नाही, झोप नाही. एखाद्याने गिटार घेतली की घरचे म्हणतात, “हे काय नवीन खूळ?” आणि चळवळीतले म्हणतात, “समाजासाठी वेळ दे.” मग दोन-चार वर्षांत पोरगा थकतो आणि चळवळही सोडतो. ही हानी आपल्याला परवडणारी नाही.

आम्ही कुणाला काम सोडायला सांगत नाही. पण ज्या माणसाने संविधान सभेच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्याला बागेतल्या फुलांसाठी वेळ काढता आला. आपल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी एक बाजाची पेटी, थोडे रंग ठेवायला काय हरकत आहे? पुतळ्याच्या हातातलं पुस्तक आपण रोज बघतो. कधीतरी त्याच हातातलं व्हायोलिनही आठवूया.

जय भीम!