भेट नेमकी कुणाची? दारू, विभक्त घर आणि मूल

मंडळी, सुरुवात एका नाटकापासून करू. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली. त्याच वर्षी जानेवारीत गडकरी सावनेरला, म्हणजे आपल्या विदर्भातच, गेले. प्रयोग त्यांनी पाहिला नाही. सुधाकराच्या दारूपायी तान्हं मूल जातं, सिंधूही जाते. पण आपण एक प्रश्न विचारून पाहू. सिंधू मुलाला घेऊन माहेरी राहिली असती, तर कायद्याने मूल कुणाचं?

बापाचं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात असं होतं की बाप हयात आहे आणि न्यायालयाला तो 'अपात्र' वाटत नाही, तोवर अज्ञान मुलाला दुसरा पालक नेमता येत नाही. म्हणजे सगळा भार त्या 'अपात्र' शब्दावर! रोज संध्याकाळी पिणारा माणूस अपात्र का? हे सिद्ध कोण करणार? शेजारीपाजारी साक्षीला यायचे ते त्याच गुत्त्यावर बसणारे.

आपलं वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होतं, १९०५ पर्यंत. (पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं.) वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा. कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाया किती असणार? ज्या जातींत फारकतीची रीत होती तिथे पंच बसत. कडेवरचं लेकरू आईजवळ, कळता मुलगा बापाच्या घरी, ही सर्वसाधारण धारणा. घराणं त्याचं, वावर त्याचं. लेकराला कुणी विचारत नसे.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईच्या ताब्यात दिलं. नैसर्गिक पालक मात्र आधी बाप, 'त्याच्यानंतर' आई. हा 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच का? गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही. बाप प्रत्यक्षात काळजी घेत नसेल तरीसुद्धा. एका शब्दाचा अर्थ लागायला त्रेचाळीस वर्षं गेली.

भेटीचा प्रश्न थेट आला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात. कलम २१. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतो, बापाच्या भेटीची व्यवस्थाही लावू शकतो. पण भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर त्याने ती नाकारायची. पुढे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. आईबाप दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट जमत नसेल तर व्हिडिओ कॉल.

या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध आहेत असं आम्हाला वाटत नाही. गोंधळ होतो तो भेट ही बापाची मिळकत समजल्यामुळे. मग वकील विचारतो, 'त्याचा हक्क का तोडता?' आणि आई, चिडून म्हणा, भिऊन म्हणा, सगळंच तोडायला निघते. भेट मुलाची मानली की प्रश्न बदलतात. समजा आई रिसोडला, बाप मंगरूळपीरला. बाप शुद्धीत येणार का? आला नाही तर लेकरू स्टँडवर किती वेळ थांबणार? सोबत आजोबा की मामा? वास आला तर भेट तिथंच थांबवायची हे आदेशात लिहिलंय का? मोटरसायकलवर बसवून न्यायचं नाही, हे लिहिलंय का?

आणि सहा महिने तो खरंच प्यायला नाही, तर मुलाला त्याच्याकडे मुक्कामी पाठवायचं की नाही, हे पुन्हा विचारायला जागा ठेवलीय का? बहुतेक भांडणं इथंच अडतात. आईला वाटतं ही पळवाट, बापाला वाटतं ही शिक्षा. कायद्याने मात्र ताब्याचा आदेश कायमचा कधीच नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, दोघांनाही.