सदाफुलीवरील गाठ

मराठी घराच्या अंगणांत, नाहींतर गॅलरींतल्या एखाद्या गळक्या डब्यांत, सदाफुली बारा महिने फुललेली असते. मूळची ही मादागास्कर बेटावरची. पण येथें ती इतकी रुळली आहे कीं, तिला परकी म्हणणें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. कर्करोगाच्या इतिहासांत ह्या झुडपाचें नांव दोन वेळां येतें. एकदां रोगी म्हणून व एकदां औषध म्हणून.

पहिल्या कथेचा आरंभ मात्र इतर झाडांपासून होतो. द्राक्षवेल, गुलाब, फळझाडें ह्यांच्या खोडावर जमिनीलगत ओबडधोबड गाठी येतात. त्यांचें कारण अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतील अर्विन स्मिथ ह्यांनीं टाउनसेंड ह्या सहकाऱ्यासह १९०७ सालीं प्रसिद्ध केलें. डेझीच्या गाठींतून त्यांनीं एक जंतु वेगळा काढला, तो निरोगी रोपांत टोचला आणि तेथें नवी गाठ उगवली. स्मिथ इतक्यावर थांबले नाहींत. ही गाठ आणि माणसाचा कर्करोग हीं एकाच जातीचीं दुखणीं होत, असें ते आग्रहानें सांगूं लागले. वैद्यकांतील मंडळींना हें पटलें नाहीं. माणसाच्या अर्बुदांत हा जंतु सांपडत नव्हता, आणि पुढेंहि सांपडला नाहीं. १९२७ सालीं स्मिथ वारले तेव्हां त्यांची बाजू लंगडीच होती.

रॉकफेलर संस्थेंतील आर्मिन ब्राउन ह्यांनीं एक साधा प्रश्न धरला. जंतु मेल्यावरहि गाठ वाढत राहते काय? १९४३ सालीं फिलिप व्हाइट ह्यांच्याबरोबर त्यांनीं सूर्यफुलाच्या गाठीचा जंतुरहित तुकडा काचपात्रांत वाढवून दाखविला. आतां जंतूला आपलें काम उरकण्यास किती वेळ लागतो, हें मोजावयाचें होतें, आणि त्यासाठीं सदाफुली उपयोगी पडली. सुमारें ४६ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत हा जंतु मरतो. सदाफुली मात्र कित्येक दिवस तग धरते. वैशाखांत गच्चीवर तिला पाहिलेल्यांस ह्याचें नवल वाटूं नये. जंतु टोचून पहिल्याच दिवशीं रोप तापविलें तर गाठ येत नसे. तीन-चार दिवसांनीं तापविलें तर जंतु मरत, पण गाठ जोमानें वाढे. १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांचा अर्थ उघड होता. मधल्या काळांत जंतु पेशीच्या हवालीं कांहीं तरी करीत होता, आणि तें मिळाल्यावर पेशीला जंतूची गरज उरत नव्हती.

तें ‘कांहीं तरी’ काय, हें कळण्यास तीस वर्षें लागलीं. १९७४ सालीं बेल्जममधील गेंट येथील संशोधकांना गाठ आणणाऱ्या जंतूंत डीएनएचें एक मोठें कडें आढळलें. जंतूचा डीएनए झाडाच्या पेशींत शिरतो, ही कल्पना अमेरिकेंत सिअॅटल येथें काम करणाऱ्या मेरी-डेल चिल्टन ह्यांना मान्य नव्हती. ती खोडून काढण्यासाठींच त्यांनीं काम हातीं घेतलें. १९७७ सालीं त्यांच्याच प्रयोगांत त्या कड्याचा एक तुकडा तंबाखूच्या गाठींतील पेशींत सांपडला! असा प्रामाणिक पराभव विज्ञानांतहि विरळा. त्या तुकड्यावरील जनुकें पेशीला वाढीचीं संप्रेरकें बनवावयास लावतात, म्हणून ती आवरेनाशी होते. स्मिथ ह्यांना दिसलेलें साम्य जंतूंत नव्हतें, पेशींत होतें. माणसाच्या अर्बुदांतहि पेशीच्या आनुवंशिक सामग्रींतच बिघाड झालेला असतो.

पुढें गाठ आणणारीं जनुकें काढून टाकून हा जंतु निव्वळ वाहक म्हणून वापरांत आला. १९८६ सालीं मोझेइक रोगाच्या विषाणूचें एक जनुक त्याच्याकरवीं तंबाखूंत घालण्यांत आलें. तीं रोपें विषाणु टोचल्यावर उशिरां रोगी झालीं, कांहीं तर झालींच नाहींत.

सदाफुलीची दुसरी कथा कॅनडांतली. जमैकांत मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेत, महाराष्ट्रांतहि घेतात. रॉबर्ट नोबल ह्यांनीं तो तपासला, पण साखर कांहीं उतरली नाहीं. प्रयोगाच्या उंदरांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानें घटल्या. त्यांतून १९५८ सालीं चार्ल्स बीअर ह्यांच्या हातीं व्हिन्ब्लास्टीन आलें. व्हिन्क्रिस्टीन हें त्याचें भावंड. तें पेशींचें विभाजन रोखतें आणि मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत आजहि दिलें जातें.

ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ह्या मेंदूंतील अर्बुदावर किरणोपचारांच्या जोडीला तें इतर दोन औषधांसह देतात. त्याचा एक मोठा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अर्बुदांत पहिल्या व एकोणिसाव्या गुणसूत्रांचे विशिष्ट भाग गहाळ होते, अशा रुग्णांपैकीं ज्यांना केवळ किरणोपचार मिळाले, त्यांतील निम्मे ७.३ वर्षांहून अधिक जगले. औषधेंहि मिळालेल्यांत हा काळ १४.७ वर्षें भरला. परंतु रक्त व मेंदू ह्यांमधील आडपडदा व्हिन्क्रिस्टीन फारसा ओलांडूं शकत नाहीं. त्यामुळें ह्या यशांत सदाफुलीचा वाटा किती, ह्यावर तज्ज्ञांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.