मालवण किनारा आणि प्राचीन इजिप्त

मालवण किनारा आणि प्राचीन इजिप्त : विजयदुर्गपासून रेडीपर्यंतचा सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा आणि नाईल खोऱ्यातील प्राचीन संस्कृती यांच्यातील सागरी संबंध. हा संबंध मुख्यतः इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसरे शतक या काळातला आहे. या किनाऱ्याची सर्वांत जुनी मानली जाणारी लेखी नोंद इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने केली. त्यामुळे कोकणच्या इतिहासात तिला मोठे महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : इजिप्तचे उत्तर आणि दक्षिण भाग इ. स. पू. ३१००च्या सुमारास एका राजसत्तेखाली आले. पुढची सुमारे तीन हजार वर्षे तेथे फेअरोंची व त्यांच्यानंतर परकीय राजघराण्यांची सत्ता होती. इ. स. पू. १२१३मध्ये मरण पावलेल्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे सापडले आहेत. मिरी ही सह्याद्रीच्या दक्षिण भागातली वेल असल्याने भारताचा माल त्या काळीही, अनेक हातांतून का होईना, नाईलपर्यंत पोहोचत होता असे मानले जाते. थेट जलप्रवास मात्र टॉलेमी घराण्याच्या काळात (इ. स. पू. ३०५–३०) सुरू झाला. लाल समुद्रात फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या एका भारतीय खलाशाने इ. स. पू. ११८च्या सुमारास आठव्या टॉलेमीच्या माणसांना भारताची वाट दाखवली, अशी हकिगत ग्रीक भूगोलज्ञ स्ट्रेबोने दिली आहे. इ. स. पू. ३०मध्ये इजिप्त रोमन साम्राज्यात गेले आणि हा व्यापार झपाट्याने वाढला. मायॉस हॉर्मॉस या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे निघतात, असे स्ट्रेबो सांगतो.

सागरी मार्ग : अलेक्झांड्रियाहून माल नाईलमधून नावांनी कॉप्टॉसला येई. तेथून उंटांचे तांडे वाळवंट ओलांडून लाल समुद्रावरच्या मायॉस हॉर्मॉस किंवा बेरेनिके या बंदरांना जात. बेरेनिकेची वाट बारा दिवसांची होती. जहाजे जुलैत निघत, बाब-एल-मांदेबच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडत. त्या दिवसांत मालवणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईपर्यंत मच्छीमार दर्यावर जात नाहीत. इजिप्तचे तांडेलही किनाऱ्यापुरते हेच गणित पाळत. खवळलेल्या दिवसांत खुला समुद्र कापायचा आणि उधाण ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास, भारताचा किनारा गाठायचा. परतीसाठी ते डिसेंबर-जानेवारीतला ईशान्येचा वारा धरत.

पेरिप्लसमधील नोंद : ‘पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी’ हा ग्रीक भाषेतला मार्गदर्शक ग्रंथ इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिला गेला. लेखकाचे नाव त्यात आलेले नाही, पण तो इजिप्तचा उल्लेख आपला देश म्हणून करतो. कल्याणच्या पुढच्या स्थानिक बंदरांची तो ओळीने नावे देतो : सिमुल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझेगरा, बायझँटियन, टोगरम आणि औरन्नोबोआस. सिमुल्ला म्हणजे चौल. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरकार विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२मध्ये बायझँटियन म्हणजे विजयदुर्ग, टोगरम म्हणजे देवगड आणि औरन्नोबोआस म्हणजे मालवण असे स्थाननिर्धारण सुचवले. त्यापुढे येणारी सेसेक्रीनी बेटे त्यांनी वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांशी जोडली. क्रम आणि भूगोल यांचा मेळ बसत असला, तरी नंतरच्या अभ्यासकांत याबाबत एकमत नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातच ग्रंथलेखन करणाऱ्या टॉलेमी या भूगोलज्ञानेही बायझँटियनचे नाव याच पट्ट्यात नोंदवले आहे.

चाच्यांचा किनारा : पेरिप्लसचा लेखक या भागात चाचे असल्याचा इशारा देतो. टॉलेमीही येथील एका पट्ट्याला चाच्यांचा प्रदेश म्हणतो. रोमन लेखक प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर तिरंदाजांच्या तुकड्या असत. तो नित्रिअस हे चाच्यांचे ठिकाण सांगतो. काहींनी ते मालवणच्या दक्षिणेकडील निवती मानले आहे, तर काहींनी मंगळूरचा परिसर. शिवाय कल्याण बंदराची तेव्हा नाकेबंदी झाली होती आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. त्यामुळे मोठी जहाजे उत्तरेस भडोच आणि दक्षिणेस मुझिरिस ही बाजारपेठ गाठत. पाण्याखालच्या खडकांनी भरलेल्या मालवण किनाऱ्यावर जड जहाज आणणे जोखमीचेच होते. वाघोटण, देवगड, आचरा, कोळंब, कर्ली या खाड्या स्थानिक होड्यांना सोयीच्या होत्या.

घाटमाथ्याशी दुवा : या खाड्यांच्या माथ्यावरून फोंडा, गगनबावडा अशा घाटवाटांनी कोल्हापूर गाठता येते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात कांस्य वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची लहान मूर्ती होती. ती भूमध्य समुद्राच्या परिसरातून आली, हे निश्चित मानले जाते. ती कोणत्या बंदरावर उतरली, हे सांगणारा लेख नाही. कार्ल्याच्या लेण्यांतील यवनांच्या देणग्यांचे कोरीव लेखही पश्चिमेकडील व्यापाऱ्यांचा या भूमीतला वावर दाखवतात.

इजिप्तमधील पुरावे : बेरेनिके येथे १९९४पासून उत्खनन चालू आहे. तेथील एका देवळाच्या जमिनीत भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलोंहून अधिक काळी मिरी मिळाली. सागवानी लाकूड आणि नारळाच्या करवंट्याही मिळाल्या. इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. २०२३मध्ये ती जाहीर झाली. याच मंदिरातून संस्कृत आणि ग्रीक अशा दोन भाषांतला तिसऱ्या शतकाच्या मध्याचा एक शिलालेख आणि दुसऱ्या शतकातील सातवाहनांची दोन नाणी मिळाली. महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या घराण्याचे चलन इसिसच्या दारी पोहोचावे, ही या विषयातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

मूल्यमापन : सिंधुदुर्गात इजिप्तची वसाहत होती किंवा येथील कातळशिल्पांवर इजिप्तचा प्रभाव आहे, अशा विधानांना आधार नाही. कुडोपीसारखी कातळशिल्पे ही कोकणातल्या माणसांचीच निर्मिती आहे. इजिप्तशी आलेला संबंध वाटेचा, वाऱ्याचा आणि मालाचा होता, आणि तेवढा तो ग्रंथांनी व उत्खननांनी सिद्ध होतो. या किनाऱ्याची बाजू मात्र अजून अपुरी तपासलेली आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातून दगडी नांगर नोंदवले आहेत, परंतु ते इजिप्तच्या व्यापाराशी जोडता आलेले नाहीत. जुन्या खाडीबंदरांवर पद्धतशीर उत्खनन होणे गरजेचे आहे. खाडीकाठी विहीर किंवा घराचा पाया खणताना जुनी खापरे, मणी, नाणी दिसली, तर ती जागेवरून न हलवता राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावीत. वस्तू कोणत्या थरात मिळाली हे एकदा पुसले गेले की तिचे मोल निम्म्याहून अधिक जाते.