गावाची एकी कुठून येते?

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गांव-गाडा' हे पुस्तक १९१५ साली निघाले. लेखक महसूल खात्यातले, त्यामुळे खेडे त्यांनी आतून पाहिलेले. निवृत्तीनंतर मी ते पुन्हा वाचायला घेतले. "पूर्वी गावात काय एकी होती!" असे आपल्या घरच्या मंडळींकडून वारंवार ऐकू येते. असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक एकदा तरी वाचावे.

आत्रे गावाचे गोडवे गात नाहीत. पाटील, कुलकर्णी, महार, बलुतेदार ही सगळी माणसे वतनाने एकमेकांना बांधलेली. काम चांगले होवो की वाईट, बलुते ठरलेलेच. कसबी कारागिराला वाव नाही, कामचुकाराला धाक नाही, आणि सगळा भार शेवटी कुणब्याच्या राशीवर. गाडा चालत होता हे खरे, पण त्यातून कुणाला उतरता येत नव्हते.

ही गोष्ट मला पटते, कारण तिची शेवटची धुगधुगी मी पाहिली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या खळ्यावर धान्य मळून झाले की सुतार, लोहार, न्हावी, कुंभार येत. आजोबा प्रत्येकाच्या पदरात धान्य घालीत आणि चार शब्द बोलत. महारवाड्यातून आलेला माणूस मात्र खळ्याबाहेर उभा राही. त्याची पाळी सर्वांत शेवटी. महार वतने रद्द करणारा कायदा १९५८ सालीच झाला होता. तो आमच्या खळ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. आपण जिला एकी म्हणतो ती त्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटत असेल?

हाच प्रश्न डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडला. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असे त्यांनी बजावले. त्यावर पुष्कळ सभासद नाराज झाले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे कलम स्वीकारले गेले, तेच आजचे कलम ४०. दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे मला वाटते. गावाला अधिकार हवेत, पण ते जुन्याच गावाच्या हाती गेले तर खळ्याबाहेरचा माणूस बाहेरच राहणार.

मग नवे गाव उभारायचे कसे? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ सालची. महाराजांनी ती गावालाच देव मानून अर्पण केली, आणि ओवीत लिहिली म्हणून ती निरक्षरांच्याही तोंडी बसली. सफाई, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा मान, अस्पृश्यतेचा नायनाट, लग्नातला वायफळ खर्च असे सगळे विषय तीत आहेत. माझ्या मते तिचे मोठेपण असे की, गाव आपोआप चांगले असते असे ती कुठेच धरून चालत नाही. ते रोज घडवावे लागते.

घडवलेले गाव पाहायचे तर गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) घ्या. धानोरा तालुक्यातले शंभरेक घरांचे हे गोंड गाव. ऐंशीच्या दशकात मोठ्या धरणांविरुद्ध आंदोलन झाले आणि त्यानंतर गावाने स्वतःच्या कारभाराचा विचार सुरू केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे त्या कामाशी कायमची जोडलेली आहेत. तिथे बहुमताने निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेत. शिवाय ग्रामसभेला जोडून अभ्यासगट असतो. तिथे कायदा, जंगल, हिशेब असे विषय समजून घेतले जातात, आणि मग निर्णय. मास्तरकी केलेल्या माणसाला हे फार आवडते! २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

सहमतीला वेळ फार लागतो, चिकाटी संपते, हे मान्य. पण तिथे कुणाला बाहेर उभे ठेवून पुढे जाता येत नाही. बलुत्याच्या गावात आणि या गावात मला दिसणारा फरक एवढाच, आणि तो मोठा आहे.

आता थोडे घरातले. आपल्या गावाच्या वेशीवर कमान बांधण्यासाठी वर्गणी काढायचे घाटते आहे. पुतणे-भाच्यांचा हेतू चांगला आहे, पैसेही त्यांच्याकडे आहेत. माझे म्हणणे इतकेच, की आधी ग्रामसभेत जाऊन विचारा. ती सभा देवळाच्या ओट्यावर नको, शाळेत घ्या, म्हणजे वस्तीवरची माणसे आणि बायका मोकळेपणी येतील. त्यांनी कमानच हवी म्हटले तर माझी वर्गणी पहिली. त्यांनी वस्तीपर्यंतची नळाची लाइन मागितली तर वर्गणी दुप्पट.

असो. मंडळींनो, आपले मत जरूर कळवा. रागावलात तरी चालेल.