नकाशे सरकारचे, वाटा सर्वांच्या

रस्ता एकच असतो. परंतु बांधकाम खात्याच्या नकाशात तो एका जागी, महसुली नकाशात थोडा बाजूला आणि पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. मग गटार खणताना जलवाहिनी फुटते, आणि ती तेथे होती हे कोणालाच ठाऊक नव्हते, असे सांगितले जाते. खरे पाहता ते कोणत्या तरी कार्यालयातील कपाटात नोंदलेले असते. प्रत्येक खात्याने आपल्या गरजेपुरता, आपल्या प्रमाणावर व आपल्या खर्चाने नकाशा करून घ्यायचा, ही आपली जुनी रीत. ती मोडून सर्व सरकारी नकाशे एकाच पायावर आणण्याचा आणि ते खात्यांबरोबर नागरिकांनाही खुले करण्याचा खटाटोप देशात दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे.

या पायाची कथा जुनी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला. त्यांचे निधन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाले आणि तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्यावर भारताचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षे बेतले गेले. उपग्रहांवर आधारलेली आजची स्थाननिश्चिती मात्र डब्ल्यूजीएस-८४ हा जागतिक मापाधार वापरते. दोन्हींतील एकाच बिंदूच्या जागेत शंभर मीटरांहूनही अधिक अंतर पडू शकते. हा फरक न मिटवता जुना नकाशा नव्या छायाचित्रावर ठेवला, तर विहीर शेजाऱ्याच्या वावरात जाते.

दुसरा अडसर गोपनीयतेचा होता. सीमाभागाचे व किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. म्हणजे मुंबई व कोकणच्या अभ्यासकाची अडचण सर्वांत मोठी. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि विकासकामांसाठी दुसरी अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. ही दुसरी, खुली मालिका नव्या मापाधारावर काढण्याचे ठरले. २००६ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक माहिती पायाभूत व्यवस्था उभी राहिली. तिच्यामागील कल्पना साधी आहे. सर्व माहिती एका गोदामात कोंबायची नाही. ती ज्या खात्याची, त्याच्याकडेच राहावी, परंतु ठरलेल्या नमुन्यात असावी. म्हणजे इतरांना ती जाळ्यावरून मागवून आपल्या नकाशावर एखाद्या थरासारखी पसरता येते. नदीचा थर एका खात्याचा, रस्त्यांचा दुसऱ्याचा, शाळांचा तिसऱ्याचा. पुराच्या दिवशी हे तिन्ही एकावर एक दिसले, तरच कोणत्या शाळेत माणसे हलवायची ते कळते.

१२ ऑगस्ट २००९ रोजी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते ‘इस्रो’च्या ‘भुवन’ या संकेतस्थळाचे अनावरण झाले. तेव्हा त्याची तुलना ‘गुगल अर्थ’शी झाली व बरीच थट्टाही झाली. ती काहीशी अन्यायाची होती, कारण पूर, दुष्काळ, जमिनीचा वापर असे विषयवार नकाशे हे ‘भुवन’चे खरे बळ.

सरकारचे मन मात्र दोलायमान राहिले. २०१६ च्या मेमध्ये केंद्राने मांडलेल्या विधेयकाच्या मसुद्यात परवान्याविना भौगोलिक माहिती गोळा करणाऱ्यास शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड व सात वर्षांपर्यंत कैद सुचविली होती. त्यावर काहूर उठले आणि तो मसुदा बाजूला पडला. पाच वर्षांच्या आत चित्र नेमके उलटे झाले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अटच काढून टाकली. आडव्या अंतरात एक मीटर व उंचीत तीन मीटर यांहून सूक्ष्म माहिती गोळा करण्याची मुभा भारतीय संस्थांपुरती ठेवण्यात आली. २८ डिसेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने पुढचे लक्ष्य आखले: २०३० पर्यंत शहरे व गावांचे ५ ते १० सेंटिमीटर तपशिलाचे सर्वेक्षण आणि २०३५ पर्यंत मोठ्या शहरांतील जमिनीखालच्या वाहिन्यांचे नकाशे. आरंभी सांगितलेली जलवाहिनी या शेवटच्या कलमात येते.

सामान्य माणसाला या सगळ्याचा स्पर्श होतो तो गावठाणात. शेतजमिनीला सातबारा आहे, त्यामागे टिपण व फाळणीचे कागद आहेत. तेहेतीस फुटी साखळीने केलेली ती मोजणी. साखळीभर लांब व साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, हे गणित आजही खेड्यात तोंडपाठ असते. घराखालच्या जागेचे मात्र तसे नव्हते. दोन हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांतील गावठाणे सामान्यतः मोजलीच गेली नव्हती. कागद नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही आणि भावाभावांच्या तंट्याला अंत नाही. महाराष्ट्रात ड्रोनच्या साह्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशातील पन्नास हजारांहून अधिक गावांत ६५ लाखांवर मिळकत पत्रिकांचे वाटप झाले.

उड्डाणापूर्वी चुन्याने हद्दी आखतात आणि छायाचित्रांवरून १:५०० प्रमाणाचा नकाशा तयार होतो. येथे यंत्राची मर्यादा उघड होते. वरून ड्रोनला दिसते ते छप्पर, भिंत नव्हे. पागोळी कोणाच्या अंगणात पडते यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या गावात हा फरक लहान नाही. म्हणून भूकरमापकाला नकाशा हातात घेऊन घरोघरी फिरावेच लागते, हरकती ऐकाव्याच लागतात. ही पायरी घाईत उरकली, तर जुनी चूक नव्या तंत्राने पक्की होईल.

शहरांचा क्रम त्यानंतर लागला. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील रायसेन येथे आरंभ झालेल्या ‘नक्शा’ कार्यक्रमात २६ राज्ये व तीन केंद्रशासित प्रदेशांतील १५२ नागरी संस्था प्रायोगिक तत्त्वावर घेण्यात आल्या. शहरात इमारतीवर इमारत आहे, मालकी मजल्यागणिक बदलते आणि नगर भूमापनाच्या जुन्या नोंदींत वारसांची नावे कित्येकदा चढलेलीच नसतात. आकाशातून टिपलेल्या छायाचित्रात यांपैकी काहीच दिसत नाही.