आधी विचारायचे, मग शिकवायचे



आपल्या केळझरला जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. बकासुराची गोष्ट इथलीच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावाने घरोघरची पाळी लावली होती. ज्याची पाळी, त्याने गाडाभर अन्न आणि घरातला एक माणूस द्यायचा. नाव भीमाचे झाले, पण सुरुवात कुंतीने केली. शेजारच्या खोलीतले रडणे ऐकून ती आत गेली आणि काय झाले म्हणून विचारले. तोवर सारे गाव ती पाळी मुकाट्याने पाळत होते.

आजारांचीही अशीच पाळी आपल्या गावांनी पाळली. पावसाळा आला की हगवण, मागोमाग हिवताप. लेकरू गेले तर देवाची मर्जी. ही मर्जी नसून यावर उपाय आहे, हे लोकांना कसे पटवायचे? आपल्या मुलखात यावर पुष्कळ प्रयोग झाले. त्यांचा इतिहास आज आपण पाहू.

१९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. महादेवभाई देसाई, मीराबेन ही त्यांची माणसे रोज सकाळी जवळच्या सिंदी गावी जात आणि रस्त्यावरची घाण स्वतः उचलत. अनेक महिने हे चालले. पण लोकांनी रस्त्यावर बसणे काही सोडले नाही. घाण उचलणारे येतातच, मग आपण कशाला बदलायचे? पुढच्या वर्षी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. तिथे त्यांनाच हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावे लागले. तरी त्यांनी काम सोडले नाही. १९४१ मध्ये लिहिलेल्या रचनात्मक कार्यक्रमात गावसफाई आणि आरोग्याचे शिक्षण या दोन्ही गोष्टी त्यांनी घातल्या. सिंदीने मात्र एक गोष्ट दाखवून दिली. लोकांचे काम आपणच करून टाकले, तर लोक ते शिकत नाहीत.

त्याच काळात शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा गावोगाव फिरत होते. दिवसा हातात खराटा. बाबा झाडू लागले की गावकऱ्यांना उभे राहून बघण्याची लाज वाटे, आणि तेही झाडू लागत. रात्री कीर्तन. त्यात बाबा लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. दारू, कर्ज, घाण, मुलांची शाळा, कोणताही विषय असो, रीत हीच. साऱ्या गावादेखत आपल्या तोंडून निघालेले उत्तर माणसाला सहज नाकारता येत नाही.

तुकडोजी महाराजांनी हेच काम खंजिरीवर केले. भाषण घरी पोचेपर्यंत विसरते, भजन पाठ होते. त्यांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत, आणि त्यांत गावाच्या आरोग्याला स्वतंत्र अध्याय आहे. शेत, शाळा आणि देव यांच्या पंगतीत त्यांनी आरोग्यालाही बसवले.

१९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना गावात शिबिरासाठी राहावे लागते. प्रत्येकाला काही कुटुंबे वाटून दिलेली असतात. रांजणात ओगराळे आहे की नुसता पेला बुडवतात, घरातली सून शेवटी जेवते का, हे पुस्तकात सापडत नाही. चुलीपाशी बसून विचारावे लागते. म्हणजे इथे डॉक्टरच आधी विद्यार्थी झाला.

याच्याही पुढचे पाऊल नगर जिल्ह्यातल्या जामखेडला पडले. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. आधी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या, ते जमले नाही. मग गावाने आपल्यातलीच बाई निवडायची असे ठरले. यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. वेगवेगळ्या जातींच्या या बाया एकत्र राहून, एकत्र जेवून शिकल्या. एकीने सांगायचे, दुसरीने अनुभव जोडायचा, गाणे रचायचे, आणि गावी परतून शेजारणीला शिकवायचे. शिकलेली बाई लगेच शिकवणारी झाली, म्हणून ते ज्ञान टिकले. आपल्या दारी येणारी आशाताईही याच वाटेवरची.

आता आपल्याबद्दल बोलू. महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य आणि पोषणाचा दिवस असतो. बरेचदा आशाताई तक्ता धरून बोलते, आपण मान हलवतो, बाळाला लस देऊन घरी येतो. आशाताई तळमळीने सांगते, पण मान हलवणारीला घरी गेल्यावर काय आठवते?

पुढच्या वेळी आपण रीत बदलू. जुलाबाचाच विषय घ्या. आशाताईने सांगण्याआधी एखाद्या आजीला विचारू, तुमच्या काळी काय करायच्या? बऱ्याच जणी म्हणतील, पाणी बंद करायचो. तिला हसायचे नाही. मग कोमेजलेले रोप मध्ये ठेवून विचारू, याचे पाणी तोडले तर काय होईल? उत्तर बायाच देतील. त्यानंतर एका तरण्या सुनेने सर्वांसमोर पाणी करून दाखवावे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट लागली, तर ते ओतून नव्याने करायचे. आशाताईकडची ओआरएसची पुडी असेल तर ती आधी वापरायची. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. बाळ सुस्त पडले, पीत नसेल, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि त्या दिवशी जी आली नाही, तिच्या घरी संध्याकाळी कोणीतरी जायचे. उंबऱ्यावर बसून आधी तिची हालहवाल विचारायची. कदाचित ती मजुरीला गेली असेल, कदाचित घरात कोणी आजारी असेल. ते ऐकून घ्यायचे आणि मगच साखर-मिठाचा हिशेब सांगायचा.