नाटक ऐकणारी माणसे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी इंग्रजी वाङ्मय हा विषय घेऊन बी.ए. झाली. अभिनंदन करण्यासाठी मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती म्हणाली, "फादर, खरं सांगू? पेपर संपल्यावर शेक्सपिअरचं पुस्तक मी पुन्हा उघडलंच नाही. हे वाचून आज कुणाला आनंद होत असेल का हो?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. सेमिनरीत असताना मीही 'ज्यूलिअस सीझर' टिपांसह पाठ केले होते आणि चांगले गुण मिळविले होते. सीझरच्या वधाची कारणे मी आजही क्रमाने सांगू शकेन. पण अँटनीच्या भाषणाने तेव्हा माझ्या अंगावर काटा आला नव्हता. तिचा प्रश्न माझाही होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते.

१५९९ साली लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर 'ग्लोब' नाट्यगृह उभे राहिले. तेथे एका पेनीत कोणीही आत जाऊन उघड्या अंगणात उभा राही. शिकाऊ कारागीर, नावाडी, फेरीवाले असे नाना तऱ्हेचे लोक तेथे गर्दी करीत. त्या काळी नाटक 'पाहायला' नव्हे, तर 'ऐकायला' जाण्याची भाषा रूढ होती. २९ जून १६१३ रोजी 'आठवा हेन्री' या नाटकाच्या वेळी तोफ उडविली गेली, ठिणगी गवताच्या छपरावर पडली आणि नाट्यगृह जळून गेले. एका माणसाची पेटलेली विजार बाटलीतील बिअर ओतून विझवावी लागली, असे त्या काळच्या एका पत्रात नमूद आहे. विद्वानांची सभा नव्हती ती. आपल्याकडील जत्रेतल्या तमाशाला जमते तशी ती गर्दी होती.

१६४२ साली पार्लमेंटने नाट्यगृहे बंद केली. ती १६६० मध्ये उघडली, तेव्हा अभिरुची पालटली होती. 'किंग लिअर'चा शोकान्त लोकांना सोसवेना. नेहम टेट याने १६८१ साली तो बदलून टाकला. कॉर्डेलियाला जिवंत ठेवून तिचे लग्न लावून दिले. हेच रूप दीडशे वर्षांहून अधिक काळ रंगभूमीवर राहिले. मूळ नाटक १८३८ साली मॅक्रेडी या नटाने परत आणले. डॉ. जॉन्सनसारख्या पंडितालाही कॉर्डेलियाच्या मृत्यूचा प्रसंग इतका जिव्हारी लागला होता, की संपादनाचे काम हाती येईपर्यंत त्याने तो पुन्हा वाचला नाही. नाटक बदलणारे काय आणि पुस्तक मिटून ठेवणारे काय, दोघांनाही ते मनापासून भिडले होते. कंटाळलेला माणूस शेवट बदलण्याच्या खटपटीत पडत नाही.

मग वाङ्मय वर्गात शिरले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. ऑक्सफर्डमध्ये मात्र इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र शाखा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निघाली. आपल्याकडे इंग्रजी कवी आले ते परीक्षेचे आणि नोकरीचे बोट धरून. कान मागे पडला आणि टिपा पुढे आल्या. खुद्द इंग्लंडमध्येही सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला इंग्रजी वाङ्मय घेणाऱ्याला शेक्सपिअरचे एक नाटक अभ्यासावे लागते आणि तेथीलही अनेक मुलांचा त्याच्याशी संबंध तेवढ्यावरच संपतो. चारशे वर्षांपूर्वीची भाषा आहे ती. कित्येक शब्दांचे अर्थ पालटले आहेत. ही अडचण नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु चित्राला दुसरी बाजूही आहे. सॅम वॉनामेकर हा अमेरिकन नट १९४९ साली ग्लोबची जागा शोधीत लंडनला गेला. त्याला दिसली ती एका मद्याच्या कारखान्याच्या भिंतीवरील पाटी. नवे ग्लोब उभारण्यासाठी त्याने आपले आयुष्य वेचले. १९९३ मध्ये तो वारला आणि १९९७ मध्ये ते नाट्यगृह उघडले. तेथेही अंगणात उभे राहून नाटक ऐकता येते; वीस वर्षांहून अधिक काळ त्यासाठी केवळ ५ पौंड पडत. ऊन असो वा पाऊस, माणसे उभी राहतात. त्यांत प्रवासी पुष्कळ असतात हे खरे. पण केवळ कुतूहलापोटी आलेला माणूस तीन तास पावसात उभा राहील का?

कवितेचेही तसेच. १९९५ साली बी.बी.सी.ने आवडत्या कवितेसाठी मते मागविली, तेव्हा पहिली आली ती किपलिंगची 'इफ्'. हा कवी १८६५ साली आपल्या मुंबईत जन्मला. आणि येशूसंघीय कवी हॉपकिन्स? पाच फ्रान्सिस्कन भगिनींना जलसमाधी देणाऱ्या १८७५ च्या जहाजदुर्घटनेवरील त्याची दीर्घ कविता संघाच्याच नियतकालिकाने छापली नाही. तो १८८९ मध्ये वारला. काव्यसंग्रह निघाला १९१८ मध्ये. आपली कविता डोळ्यांनी नव्हे, कानांनी वाचा, असे तो मित्राला कळवीत असे.

मराठी प्रेक्षकांचा अनुभव वेगळा नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' १८८३ साली प्रसिद्ध केले आणि गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटने इंग्रजी न जाणणाऱ्यांनाही वेड लावले. परीक्षेची सक्ती त्यांच्यावर कोणी केली होती?

शेक्सपिअर १६१६ साली निवर्तला. त्याच वर्षी त्याचा एक देशबांधव, विल्टशरमध्ये जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स, गोव्यात राचोल येथे आपले मराठी 'क्रिस्तपुराण' छापून घेत होता. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. ओवी ही म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठीच असते. आज आपल्यापैकी किती घरांत ती म्हटली जाते? त्याचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण ग्रंथ कपाटातच राहतो. इंग्रजी वाङ्मयाचे जे वर्गात झाले, तेच आपण आपल्या ठेव्याचे घरात केले आहे.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीला 'किंग लिअर' आणायला सांगितले. लिअर आणि कॉर्डेलिया यांच्या पुनर्भेटीचा प्रसंग तिने मोठ्याने वाचला. प्रथम अडखळत, मग सावकाश. तिची आजी ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. इंग्रजीचे अक्षरही तिला ठाऊक नाही. वाचन थांबले तशी तिने विचारले, "बाय, काय झालं गं त्या म्हाताऱ्याला?"

मुलीने पुस्तक मांडीवर ठेवले आणि ती आजीला आपल्या बोलीत सारी कथा सांगू लागली. मला निघायला उशीर झाला होता. पण मीही ऐकत बसलो.